टिकलीखालचा लाल दिवा

नागरवाडी नावाच्या बाजारगावात एक भुसार व्यापारी राहत होता. शिवलिंगअप्पा शेटे त्याचे नाव. माणूस सचोटीचा, मापात दाणाभर मारणार नाही. पण घाई अशी, की बघणाऱ्यालाच दम लागावा. चहा गाळून व्हायच्या आत कप उचलायचा, भाकरी फुगायच्या आत तव्यावरून ओढायची. एकाच ठिकाणी हा गृहस्थ शहाण्यासारखा वागे. दुकानात गहू निवडायला बसलेल्या बायकांना तो रोज बजावायचा, "सुपात मूठभरच घ्या. ढीग घेतला की खडा नजरेआड होतो." हे ज्या तोंडाने तो सांगायचा, त्याच तोंडाने पुढे काय काय बोलला ते ऐका, आणि माझ्यासारखाच कपाळाला हात लावा.

अप्पाकडे वडिलांची जुनी डिझेल मोटार होती. त्याच मोटारीत बसून त्याची एकुलती एक लेक सुवर्णा लग्नानंतर घाटाखालच्या सासरी गेली होती. जाताना रडत रडत म्हणाली होती, "पहिल्या बाळंतपणाला मला आजोबांच्या गाडीतूनच न्यायचं." आता तिला दिवस गेले होते आणि डोहाळजेवण झाले की तिला माहेरी आणायचे होते. त्यामुळे ती मोटार धडधाकट राहावी, एवढाच अप्पाला ध्यास लागला.

इथवर सगळे ठीक होते. पण गाडीत नवे तेल घातले की थोड्याच दिवसांत ते काळे होई. जुने डिझेल इंजिन, त्याची काजळी तेलात उतरणारच. अप्पाला मात्र ते बघवेना. कोणा ट्रकवाल्याने त्याला सांगितले, की जुन्या इंजिनाला बायपास फिल्टर लावतात, तेल स्वच्छ राहते, इंजिन जास्त टिकते. सल्ला चांगला होता. अप्पा लगेच शहरात जाऊन तो डबा घेऊन आला आणि नजीर मिस्त्रीच्या गॅरेजात उभा राहिला.

नजीरने फिल्टर बसवला आणि समजावून सांगितले, "अप्पा, मोठा फिल्टर हाय तसाच राहतोय. ह्यो दुसरा बाजूनं थोडंसंच तेल घेतोय, बारीक काजळी धरतोय आणि तेल परत खाली चेंबरात सोडतोय. थोडं थोडं करत सगळं तेल साफ हुतंय. जरा दम धरायचा."

दम! आणि तो अप्पाने धरायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. तेल काळे. संध्याकाळी बघितली. काळेच. तिसऱ्या दिवशी तो गॅरेजात जाऊन ओरडू लागला, "काय दिवे लावले रे तुझ्या डब्यानं?" नजीरने डब्याची नळी सोडून त्याला आतली पितळी गुंडी दाखवली. तिच्या मधोमध सुई जेमतेम जाईल एवढे भोक होते. तेल त्यातूनच डब्यात जायचे. ते बघून अप्पाचे डोळे विस्फारले.

"एवढंसं भोक? म्हणून तर तेल साफ होत नाही! मोठं कर."

"अप्पा, ते मुद्दाम बारीक ठेवलंय. सगळं तेल तिकडंच पळालं तर इंजिनाला काय मिळंल?"

"तू कर म्हणतो ना मी!"

नजीर नाही म्हणाला. अप्पा दुसऱ्या दिवशी परत आला. नजीर परत नाही म्हणाला. अप्पा परत आला. गिऱ्हाइकांसमोर बोलला, चहाच्या टपरीवर बोलला, मशिदीच्या दारात गाठूनही बोलला. शेवटी नजीरही माणूसच. त्याच्या नाकी नऊ आले. "घ्या बाबा, तुमची गाडी, तुमचं इंजिन," म्हणत त्याने ड्रिल घेतले आणि ते भोक रुंद करून दिले. करू नये ते काम त्याने निव्वळ पिच्छा सुटावा म्हणून केले. यात त्याचीही चूक आहे आणि मी ती माफ करणार नाही.

अप्पा खूश झाला. पट्टी बघून त्याला तेल उजळल्यासारखे वाटू लागले. वाटणारच, माणसाला हवे ते दिसते. पण गाडी तापून कुठे थांबली, की समोरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकू लागला. शेजारी बसलेल्या बायकोने, महादेवीने, विचारले, "अहो, हा दिवा कसला?"

"फिल्टर काम करतोय, त्याचा," अप्पा म्हणाला.

देवा रे! तेलाचा दाब उतरला, इंजिन कोरडे पडते आहे, म्हणून तो दिवा बिचारा लाल होऊन ओरडत होता. अप्पाला ते मनातून कळत नव्हते असे नाही. पण तो दिवा त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. महादेवीची एक जुनी टिकली गाडीच्या आरशाला चिकटवलेली होती, बायका चिकटवतात तशी. अप्पाने ती अलगद काढली आणि त्या दिव्यावर दाबून बसवली. दिवा दिसेनासा झाला आणि अप्पाच्या जिवाला स्वस्थता आली.

सुवर्णाला आणायचा दिवस उजाडला. जाताना घाट उतरायचा होता, काही त्रास झाला नाही. विहीणबाईंनी ओटी भरली, लेक मागच्या सीटवर आईच्या शेजारी जपून बसली आणि आजोबांच्या गाडीच्या दारावर हात फिरवून हसली. दुपारच्या उन्हात गाडी घाट चढू लागली. अर्ध्या वाटेवर इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागली.

"अप्पा, कसला आवाज येतोय?"

"चढ आहे बाळा. लवकर वर पोचलो की थांबेल." आणि त्याने गाडी आणखी दामटली.

सुवर्णा दोन सीटांच्या मधून हात लांबवून पुढे वाकली. तिला समोर आईची टिकली दिसली. "अगं आई, तुझी टिकली हिथं कशी?" म्हणत तिने ती नखाने उचलली. खाली लाल दिवा भगभगत होता. तिने एकदा दिव्याकडे बघितले, एकदा बापाकडे.

"अप्पा, गाडी थांबवा."

"एवढा घाट चढू दे."

"अप्पा, थांबवा!"

तेव्हा थांबला असता तरी काही वाचले असते. पण नाही. पुढच्याच वळणावर इंजिनात कडकडाट झाला, गाडीला एक हिसका बसला आणि ती जागच्या जागी गप्प झाली. सुवर्णाने दोन्ही हातांनी पोट धरले. महादेवीने तिला जवळ ओढून घेतले. पोरीला काही झाले तर, या विचाराने अप्पा दार उघडून धावतच खाली उतरला. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्याला हात जोडू लागला.

थांबला तो मासळीचा टेम्पो. ज्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही, त्या घरच्या गर्भार लेकीला बापाने आपल्या हाताने त्या टेम्पोत चढवले. वासाने तिला उलटी झाली. ड्रायव्हर भला माणूस, त्याने खिडकीची काच खाली केली, पाणी दिले, महादेवीलाही आत घेतले. तिसऱ्याला जागा नव्हती. टेम्पो हलायच्या आधी सुवर्णा खिडकीतून म्हणाली, "अप्पा, बायकांना मूठभर गहू घ्यायला सांगता. इंजिनाला ढीगच का घातलात?"

टेम्पो गेला. अप्पा बंद पडलेल्या गाडीपाशी एकटा उरला. लेकीला ठणठणीत घरी पोचवल्याचा निरोप येईपर्यंत त्याने जे सोसले, ते मी त्याच्या वैऱ्यावरही येऊ देणार नाही.

सुवर्णा सुखरूप पोचली. दिवस भरल्यावर बाळंतही नीट झाली, मुलगा झाला. पण आजोबांची मोटार नजीरच्या गॅरेजात खोलून पडली होती. बेअरिंगे जळली होती, क्रँक ओरबाडून निघाला होता, आणि तेवढ्या जुन्या इंजिनाचे सुटे भाग आता कुठे मिळत नव्हते. अप्पाने शोधायचे सोडले नाही, पण बाळ दवाखान्यातून घरी आले ते शेजाऱ्याच्या रिक्षातून. लेकीने एवढे एकच मागितले होते, आणि गाडी निकामी झाली ती गाडीची काळजी घेताना.

बाळ घरी आले त्या सकाळी महादेवी सहाण घेऊन बाळगुटी उगाळायला बसली. हळकुंडाचा एक वेढा, बदामाचा एक वेढा, वेखंडाचा तर जेमतेम अर्धा. अप्पा शेजारी बसून बघत होता. एवढासा जीव, त्याने लवकर बाळसे धरावे असे त्याला वाटत होते. एवढ्याशा गुटीने काय होणार? त्याचा हात सहाणेकडे गेला आणि तोंड उघडले.

महादेवीने मान वर केली. तिच्या कपाळावर टिकली होती.

अप्पाने हात मागे घेतला आणि तोंड मिटले.

तात्पर्य: जे काम थोडे थोडेच व्हायचे असते, त्याला ढोसून ते लवकर होत नाही, फक्त नुकसान लवकर होते. आणि धोक्याचा दिवा डोळ्यांत खुपला, तर आपण थांबावे; दिवा झाकू नये.