हंड्यात आधी कोण?

सोनबर्डी गावात मैनी नावाची चिमुकली मुलगी राहायची. तिची आई पायांनी अधू होती. घरी ना शेत, ना रोज चूल पेटेल एवढं पीठ. पण भोगीला साऱ्या गावाची भाजी एकाच मोठ्या हंड्यात शिजायची, आणि त्या दिवशी मायलेकी पोटभर जेवायच्या.

यंदा मात्र हंडा रिकामाच राहिला.

"आधी आमचे पावटे पडणार," वरच्या आळीचे तात्या म्हणाले.

"मग आमची गाजरं काय शोभेला आणलीत?" मधल्या आळीच्या गोदाक्कांनी विचारलं.

"वांग्याशिवाय भोगी करून दाखवा की," खालच्या आळीचा धोंडू म्हणाला.

तिघंही आपापल्या टोपल्या उचलून घरी निघाले.

मैनी बागेत बोरीखाली जाऊन बसली. ओंजळीत घरचे मूठभर तीळ होते. एक भुकेली चिमणी जवळ आली. मैनीने अर्धे तीळ तिच्यापुढे ठेवले. चिमणीने ते टिपले, पंख झटकले, आणि तिथे इवलीशी परी उभी राहिली. झगा पोपटी, पंखांवर दवाचे मणी.

"दोन इच्छा माग, बाळ. पहिली गावासाठी, दुसरी तुझ्यासाठी. पहिली चुकली, तर दुसरी देऊनच ती मोडता येईल."

दुसरी आईच्या पायांसाठी, मैनीने मनात ठरवलं. मग म्हणाली, "गावात सगळ्यांचं सगळं एकसारखं होऊ दे. मग कोण कशाला भांडेल?"

बघता बघता प्रत्येक टोपलीत जांभळी, चकचकीत वांगीच वांगी झाली. भांडण मिटलं. सगळे परत जमले, मैनीही धावत आली आणि हंडा चढला. पण एका घासानंतर कुणी दुसरा मागितला नाही. तात्या रिकाम्या हाताने टोपली चाचपत होते.

"माझ्या आजोबांनी जपलेलं पावट्याचं बी होतं ते," ते हळूच म्हणाले.

मैनीने दूर ओट्यावर बसलेल्या आईकडे पाहिलं. डोळे भरून आले, तरी ती म्हणाली, "परीताई, माझी दुसरी इच्छा घे. ज्याचं त्याला परत दे."

हिरवे पावटे आले, केशरी गाजरं आली. भांडणही आलं.

"तात्या, पावटे आधी टाका," मैनी पळी घेऊन पुढे झाली. "त्यांचा मान मोठा म्हणून नव्हे, ते उशिरा शिजतात म्हणून. मग गाजरं. वांगं लगेच मऊ होतं, ते नंतर."

"आणि तुझे तीळ गं?" गोदाक्कांनी विचारलं.

"सगळ्यात शेवटी. तेही निम्मेच उरलेत."

धोंडू हसला, मग सगळेच हसले. हंड्यातून असा खमंग वास सुटला की ओट्यावरची आई ताट घेऊन उठली आणि थेट चालत आली.

"पण मी तर इच्छा परत केली होती," मैनी पुटपुटली.

"तुझ्या हातचे तीळ खाल्लेत मी," वाफेवर तरंगत परी म्हणाली, आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.