चार नंबरची क्रेन

"केबिनमधली कॅमेऱ्याची स्क्रीन त्याच्या अगदी समोर, आणि माझी मात्र डाव्या कोपऱ्यात. हा कुठला न्याय, उस्ताद?"

भार्गव मयेकर मान चोळत उभा होता. बंदरातल्या क्रेनचालकांना शिकवून तयार करणारे इस्माईल उस्ताद शांतपणे चहा पीत होते.

"त्याच्या म्हणजे कुणाच्या?"

"विनयच्या. आणखी कुणाच्या?"

दोघे उस्तादांकडे एकत्रच शिकले होते. भार्गव आता तीन नंबरची क्रेन चालवायचा. विनय समोरची, चार नंबरची. विनय कंटेनर असा टेकवायचा की आवाज होत नसे. धक्क्यावर त्याचं कौतुक सुरू झालं, की भार्गवच्या पोटात दुखायचं.

त्या सकाळी भार्गवचा कंटेनर ट्रकच्या टपाला घासला होता. ड्रायव्हरने बाहेर उडी टाकली, म्हणून वाचला.

"सारखं डावीकडे वळून बघायचं... मान आखडते, अंदाज चुकतो. त्याची केबिन मला द्या, मग बघा."

उस्तादांनी कप खाली ठेवला. "चल वर."

केबिनमध्ये उस्तादांनी स्क्रीनचा दांडा धरून ओढला. स्क्रीन अलगद सरकून भार्गवच्या समोर आली.

"सरकते हे ठाऊक नव्हतं?"

"...होतं."

"मग?"

भार्गव पुन्हा मान चोळू लागला.

"समोर घेतली, की चार नंबर झाकली जाते."

खाली ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हर तोच, सकाळचा. तो खाली उतरून चांगला लांब जाऊन उभा राहिला.

"उतरव," उस्ताद म्हणाले.

भार्गवने कंटेनर उचलला. समोरच्या स्क्रीनवर त्याचे खालचे कोपरे स्वच्छ दिसत होते. मान सरळ, खांदे सैल. कंटेनर खाली गेला आणि ट्रकवर बसला. आवाज झाला नाही. ड्रायव्हरने खालून हात उंचावला.

भार्गवचा चेहरा उजळला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. विनयने पाहिलं असेल का? तो पटकन एका अंगाला झुकला आणि स्क्रीनच्या कडेवरून मान लांबवून पलीकडे बघू लागला.

चार नंबरच्या केबिनमध्ये विनय आपल्या कामात होता.

"आई गं!" भार्गवने मान धरली.

उस्ताद जिन्याकडे वळले.

"स्क्रीन तर समोरच आहे, बाळा..."