रेडिओ कोणाच्या बाजूचा?

मोरगव्हाणच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर इंदुमती खरोटे बातम्या द्यायच्या. निवडणूक तोंडावर आली आणि एका सकाळी नगराध्यक्ष दौलतराव निंबोरे तणतणत केंद्रावर आले. केंद्राची खोली नगरपालिकेची होती.

“बाई, तुम्ही पक्षपात करता. उद्या खोली रिकामी करा.”

इंदुमतीबाईंनी टेबलावरचा एक कागद खालून दुमडून पुढे केला. “साहेब, तुमची तक्रार हीच ना?”

दौलतरावांनी मोठ्याने वाचलं, “‘तुमचा रेडिओ समोरच्या उमेदवाराचीच तळी उचलतो. आमचं भाषण कापता, त्यांचं पूर्ण ऐकवता.’ बरोबर. शब्दन् शब्द खरा आहे.”

“मग खाली सही करा.”

त्यांनी घडी उघडली. खाली आधीच एक सही होती, त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या वकील शिरोळकरांची.

“काल तेच हा कागद देऊन गेले,” बाई म्हणाल्या. “दोघांनाही मी पाच-पाच मिनिटं दिली होती. आता मी कोणाची बाजू घेतली, ते तुम्हीच सांगा.”

दौलतरावांना हसू फुटलं.

“खोली राहू द्या,” ते म्हणाले, “आणि चहा सांगा.”

चहा सांगताना बाईंचा जीव भांड्यात पडला होता.