कुमुदिनीताईंची काळी मोटार

सांगलीत जुन्या मोटारींचा मेळावा भरला, की परीक्षकाचा मान तात्यासाहेब घोरपड्यांचा. गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, हा त्यांचा नियम. एका बटणापायी त्यांनी चांगल्या चांगल्या गाड्या परत धाडल्या होत्या.

यंदा कुमुदिनी आरवाडे वडिलांची १९५४ सालची काळी मोटार घेऊन आल्या. वडील गेल्यापासून बंद असलेली ती गाडी त्यांनी खटपट करून चालती केली होती आणि म्हाताऱ्या आईला मागच्या सीटवर बसवून आणलं होतं.

तात्यासाहेबांनी बॉनेट उघडायला लावलं. "पेट्रोलचा पाइप नवा दिसतोय. आणि ही बाटली कसली?"

"हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. म्हणून पाइप बदलला. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हना जपायचं. आता ते नसतं, म्हणून टाकीत हे औषध घालते."

"चौपन्न साली यातलं काहीच नव्हतं. गाडी बाद."

आईचा चेहरा उतरला. कुमुदिनीताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "नियम मान्य आहे, तात्यासाहेब. जुना पाइप आत्ता बसवते, औषधही घालत नाही. तुम्ही फक्त चौपन्न सालचं पेट्रोल मागवा. आणि तेच सगळ्यांच्या टाकीत भरायला सांगा, तुमच्यासुद्धा."

तात्यासाहेबांची गाडी सकाळीच कोपऱ्यावरच्या पंपावर भरून आली होती. त्यांनी एकदा आपल्या गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी काळ्या मोटारीच्या काचेवर प्रवेश-क्रमांकाची चिठ्ठी स्वतः चिकटवली आणि हळूच विचारलं, "ताई, हा पाइप मिळाला कुठं?"