सिंहासनावरचे पापड

कायदा उदाजीराजांनी स्वतःच केला होता: डेटा सेंटर बांधायचं ते पडीक जमिनीवरच, पिकत्या रानाला हात लावायचा नाही. दवंडीही पिटून झाली होती. पण यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवायला पाणी लागतं, आणि पाणी होतं नदीकाठी. तेव्हा दिवाणजी ऐन वैशाखात नदीकाठी गेले, कौतिकाचं नांगरून ठेवलेलं उघडं रान पाहिलं आणि कागदावर लिहून मोकळे झाले: पडीक!

कौतिकाकडे होतं नव्हतं ते एवढंच रान. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, माझं रान पडीक न्हाई. शिमग्याला गहू निघालाय तिथं."

"आत्ता काय आहे?"

"आत्ता ढेकळं हायेत."

"मग झालं तर!" राजे एकदा हट्टाला पेटले की संपलंच. "उद्या दिवस मावळायच्या आत त्या रानात हिरवं पातं दाखव. नाहीतर परवा पाया खणू."

वैशाखात हिरवं पातं! त्यापेक्षा बैलाचं दूध काढणं सोपं. पण कौतिका "बरं" म्हणाली आणि घरी जाऊन उडदाच्या पापडांचं पीठ कुटायला बसली. शेजारणींना वाटलं, बाईनं हाय खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वामकुक्षी आटोपून राजे दरबारात येतात तो काय, सिंहासनावर पापड, पायऱ्यांवर पापड! पहारेकरी पेंगत होता आणि कौतिका काठी घेऊन कावळे हाकत होती.

"हा काय प्रकार आहे?" राजे गरजले.

"सिंहासन रिकामं दिसलं, महाराज. म्हटलं, पडीक असंल. उडदाचे पापड सावलीतच वाळवायचे असत्यात, जागा झ्याक हाय."

"पडीक? अगं, सकाळपासून दरबार चालवून आम्ही जरा आडवे झालो होतो! घटकाभर डोळा लागला म्हणून सिंहासन पडीक होतं काय?"

"न्हाई ना? माझं रानबी शिमग्यापातुर राबलंय, महाराज. आता मिरगापातुर जरा आडवं झालंय."

राजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी पापडांकडे पाहिलं. मग राजे असे खदखदून हसले की पहारेकरी दचकून जागा झाला.

कायद्यात तिथल्या तिथे एक ओळ वाढली: जमीन पडीक की पिकती, ते पावसाळ्यात पाहून ठरवायचं, आणि पाहायला कौतिकानं जायचं. डेटा सेंटर राजवाड्यामागच्या खडकाळ माळावर गेलं, त्याला पाणी राजवाड्याच्या न्हाणीघरांतलं. कौतिकाला सोन्याचं कडं मिळालं. पापड मात्र राजांनी ठेवून घेतले.