बाईंना हेक्टिक झालं

एका गावात एक भोळा शिपाई होता. सुदाम त्याचं नाव. शाळेत घंटा वाजवता वाजवता नऊ वर्षं झाली, पण नोकरी काही कायम होईना. आज तालुक्याचे साहेब त्याच्याच कागदावर सही करायला येणार होते.

बायको चंद्रभागेनं निघताना बजावलं, "मोठ्या बाई म्हणतील तेच करा. डोकं चालवू नका."

"कधी चालवलंय?" सुदाम म्हणाला.

शाळेत मोठ्या बाईंच्या टेबलावर वह्यांचा हा ढीग. "सुदाम, आज फार हेक्टिक आहे रे!"

सुदाम गेला इंग्रजीच्या सरांकडे. "सर, हेक्टिक म्हणजे?"

सर शब्द मुळापासून सांगायचे. "मूळ ग्रीक. अंगात कायमचा मुरलेला ताप! त्यावरून पुढे..."

पुढे ऐकायला सुदाम होता कुठे? त्यानं फडकं भिजवलं, पिळायचं राहिलं, आणि थपकन बाईंच्या कपाळावर ठेवलं. कुंकू नाकावर, पाणी वह्यांवर.

"अरे, हे काय?"

"ताप उतरवतोय, बाई."

"तो ताप नाही रे! कामाचा ताप! ताप म्हणजे काम!"

"असं होय!"

थोड्या वेळानं दुसरीतली मुक्ता आली. डोळे लाल. "मामा, मला ताप आलाय."

"वा! मलाही आहे. हा धर खराटा."

बाई धावत आल्या. "सुदाम! ताप आला की ओली पट्टी ठेवायची आणि घरी पाठवायचं! एवढं तरी लक्षात ठेव!"

"ठेवलं, बाई."

तेवढ्यात फाटकात जीप थांबली. साहेब तासभर आधीच हजर! इकडे वह्या उन्हात वाळत होत्या आणि कुंकू अजून नाकावरच होतं. बाई पुटपुटल्या, "आला डोक्याला ताप!"

सुदामनं ते बरोबर ऐकलं.

साहेबांनी पेन काढलं. "तूच का सुदाम? आण तुझा कागद."

"कागद राहू द्या, साहेब. आधी तब्येत." फडकं थेट साहेबांच्या टकलावर! मग त्यांना धरून जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "सरळ घरी न्या."

संध्याकाळी चंद्रभागा दारातच उभी. "झालात का कायम?"

"मी कुठला! साहेबांचाच ताप कायमचा दिसतोय. घरी पाठवलं."

"अहो, आणि सही?"

"अगं, लालेलाल झाले होते ते! एवढ्या तापलेल्या माणसाकडं सही मागतात का? हे फडकं तेवढं धुऊन ठेव. उद्या त्यांना बघायला जातोय."