हौसाचं कुंपण

वाघझरीच्या देवळामागे निवडुंगाचं जुनं कुंपण आहे. त्यावरच्या सरड्याला गावात कोणी दगड मारत नाही. पाहुण्यांच्या एखाद्या पोराने हात उचललाच, तर भिकोबा गुरव आधी त्याच्या मुठीतला दगड काढून घेतात आणि मग ही हकिगत सांगतात.

पेंढारी गावं लुटत फिरायचे, त्या काळातली. सगळी वाघझरी डोंगरातल्या गुहेत जाऊन लपली होती म्हणे. तिथलं पाणी संपलं, म्हणून हौसा माळीण भर दुपारी घागर घेऊन झऱ्यावर उतरली. घागर भरते न भरते तोच घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. घागर तिथेच टाकून ती झऱ्याकाठच्या याच निवडुंगात शिरली. काटे अंगभर रुतले. पण भीती काट्यांची नव्हती. ती सापडली असती, तर डागण्या देऊन त्यांनी गुहेची वाट विचारली असती, आणि आपण गप्प राहू असा हौसाला स्वतःचाच भरवसा नव्हता.

भरलेली घागर पाहून पेंढारी कुंपणापाशी आले. तेवढ्यात हौसाच्या नाकासमोर, वीतभरावर, एक सरडा येऊन बसला. तिच्या कपाळातलं रक्त त्याच्या गळ्यावर ठिबकलं, तरी तो जागचा हलला नाही. हौसाने श्वास कोंडला. 'बस बाबा तिथंच. माझ्या गावातलं कुणी तुझ्यावर हात उचलणार नाही,' असा तिने मनात नवस केला, असं सांगतात.

म्होरक्याने भाला रोखला आणि थट्टेने सरड्यालाच विचारलं, "काय रं, आत हाय का कुणी?"

सरड्याने मान हलवली. वर, खाली. पुन्हा वर, खाली.

माग काढणारा म्हातारा हसला. "त्याचं काय घेऊन बसलात, सरदार. त्यो कशालाबी होच म्हनतो. आत मानूस असता, तर सरडा कवाच पळाला असता. चला."

टापा दूर गेल्या. गुहेत बायका काटे काढत होत्या, तेव्हा हौसा रडत, हसत एकच सांगत होती, "त्यानं खरं सांगितलं गं. ऐकलं न्हाई कुणी."

सरड्याचा गळा तेव्हापासून लाल होतो म्हणे. आजही भिकोबा कुंपणापाशी वाकून विचारतात, "हौसाआजी हाय का आत?" सरडा मान हलवतो. मग भिकोबा तोंडावर बोट ठेवतात आणि पाहुण्यांना पाय न वाजवता पुढे नेतात.